शेवट आधी वाचणारा माणूस

"शेवटचा भाग तुम्ही कुठल्या पुस्तकातून वाचलात?"

मी दचकले नाही, पण राग मात्र आला. सुपारी सोलणाऱ्या बायका नुकत्याच चहाला उठल्या होत्या, मी पुस्तक मिटून जरा पाय लांब केले होते, आणि खळ्याच्या कडेला पोफळीला टेकून कुणी अनोळखी तरुण उभा. डोक्याला काळी टोपी, कोट हातावर, धोतराच्या काठाला पाटाचा चिखल. कधीपासून ऐकत होता कोण जाणे.

"याच पुस्तकातून," मी म्हटलं. "तुम्ही कोण?"

"रेवदंड्याच्या वाचनालयाचा चिटणीस. हरेश्वर माझं नाव. हे पुस्तक न्यायला आलोय, वर्षाची मोजदाद आहे." तो जरा घुटमळला. "या पुस्तकात नायिका मरते. क्षयाने. तुम्ही तिला आत्ता... पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलंत."

"मग? काही बिघडलं?"

"नाही. म्हणजे — लेखकाचं बिघडलं असेल."

"तिचं तर भलं झालं ना?"

तो हसला. हसताना मान खाली घालायची सवय होती त्याला, त्यामुळे हसण्याऐवजी टोपीच दिसायची. मी पुस्तक पुढे केलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, देवळात प्रसाद घेतात तसं, आणि निघून गेला.

आता मी असं का करत होते ते सांगते, नाहीतर तुम्हीही मला खोटारडी म्हणाल. चौलला आमची पोफळींची वाडी. सुपारी वाळली की माघ-फाल्गुनात बायका खळ्यात सोलायला बसतात, आणि जेवणानंतर त्यांना झोप अनावर होते. मी मराठी सातवी पास. बाबांनीच मला सांगितलं, "कोकिळा, यांना काहीतरी वाचून दाखव, हात तरी चालतील." चुलतभाऊ रेवदंड्याहून बाबांच्या नावावर पुस्तकं आणून द्यायचा. पहिल्याच कादंबरीत नायिका शेवटी विहिरीत पडली. झालं. काशी म्हणून एक पोर होती सोलायला, सासरहून परत आलेली, ती जी रडायला लागली ती थांबेना. तिचं बघून बाकीच्या रडल्या. सुपाऱ्या तशाच, आणि बाबा ओरडले ते माझ्यावर. त्या दिवसापासून माझ्या वाचनात कुणी मेलं नाही. विहिरीत पडली तर तिला कुणीतरी बाहेर काढायचं, एवढं मी बघायचे.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. हातात दोन पुस्तकं.

"वाटेत होतं, म्हणून घेऊन आलो," तो म्हणाला.

"तुम्ही राहता कुठे?"

"रेवदंड्यात."

"आणि कामाला?"

"बंदरावर. आगबोटीच्या तिकिटांवर बसतो."

"म्हणजे तेही रेवदंड्यात. मग चौल वाटेत कसं लागतं?"

त्याने कोट या हातावरून त्या हातावर घेतला. "जरा लांबची वाट आहे," तो म्हणाला.

आवडाबाईने हे ऐकलं. ती सगळ्यांत जुनी सोलणारी, तिच्या कानातून काही सुटत नसे. "मास्तर, बसा की," ती म्हणाली, "लांबून आलाव तर पानी तरी पिवा." तो मास्तर नव्हता, पण पुस्तकवाला म्हणजे मास्तर असा तिचा हिशेब. तो बसला. मी पाणी आणलं. पाणी पिताना तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि बघत नाहीये हे मला चांगलंच कळत होतं.

मग गुरुवारचा नेमच झाला. तो पुस्तक आणायचा, आधीचं न्यायचा, आणि नेता-नेता विचारायचा, "कसं वाटलं?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नव्हता. स्वयंपाक कसा झाला ते विचारतात. पुस्तक कसं वाटलं ते विचारणारा हा पहिलाच, म्हणून मी जरा जास्तच बोलायचे.

"तुमच्या या कादंबरीतला नायक फार भाषणं करतो," मी सांगायचे. "स्त्रीशिक्षणावर पानंच्या पानं बोलला. तेवढ्या वेळात बायकोला बाराखडी तरी शिकवून झाली असती. आणि नायिका ऊठसूट मूर्च्छा येऊन पडते. आमच्या वाडीत बायका डोक्यावर ओझी घेऊन फिरतात, मी एकीलाही मूर्च्छा आलेली बघितली नाही."

"कादंबरीतल्या बायका नाजूक असतात."

"मग त्यांना सुपारी सोलायला पाठवा, ठीक होतील."

एकदा त्याने गुप्तहेराची कादंबरी दिली. देतानाच म्हणाला, "मजा येईल. दिवाणजीच चोर निघतो."

मी पुस्तक परत त्याच्या हातात ठेवलं. "आता मी काय वाचू? पुठ्ठा?"

त्याचा चेहरा पडला. "माझ्या लक्षातच आलं नाही. मी शेवटचं पान आधी वाचतो ना... सगळेच तसं वाचतात असं वाटतं मला."

"शेवटचं आधी? का?"

"शेवट बरा असला तर पुस्तक वाचतो. वाईट असला तर ठेवून देतो."

मी हसणार होते. पण त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि सुपारीच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "मी लहान असताना वडील मचव्यावर गेले. आई मला रोज बंदरावर नेऊन उभं करायची. आज येतील, उद्या येतील. कुणालाच काही कळलं नाही कधी. तेव्हापासून शेवट ठाऊक नसला की मला कशात बसवत नाही."

त्या दिवशी मी काही तिखट बोलले नाही. ते पुस्तक ठेवून घेतलं, आणि दिवाणजीच चोर हे ठाऊक असून शेवटपर्यंत वाचलं. वाईट नव्हतं.

होळी झाली, ऊन तापलं, पोफळींना नवे तुरे फुटले आणि वाडीभर त्यांचा वास सुटला. बुधवारी मी केस धुवायला लागले. माझ्या लक्षात यायच्या आधी ते आवडाबाईच्या लक्षात आलं. "उद्या बेस्तरवार हाय न्हाय का," ती सोलता-सोलता म्हणायची, "पोरीच्या केसांना बरोब्बर ठावं." काशी पदर तोंडाला लावून हसायची. मी पुस्तकात तोंड घालायचे.

एकदा तो इतिहासाचं जाड पुस्तक घेऊन आला, आपल्याच किनाऱ्याचा इतिहास, आरमार, फिरंगी, वेढे. म्हणाला, "मला इतिहासच जास्त आवडतो. बरं असतं त्याचं. शेवट काय झाला ते आधीच ठाऊक असतं."

मी ते पुस्तक आठवडाभर वाचलं, आणि पुढच्या गुरुवारी त्याच्याशी भांडले. "यात तोफा किती, घोडे किती, तह कुठल्या तिथीला, सगळं आहे," मी म्हटलं. "किल्ल्याच्या कोटात एवढी माणसं कोंडली होती, त्यांचा भात कुणी रांधला? पाणी कुठून आणलं? तिथल्या विहिरी उन्हाळ्यात आजही खारट होतात. ते यात एकाही ओळीत नाही."

"तसली नोंद कुणी ठेवली नसेल."

"आणि तुम्ही म्हणता शेवट ठाऊक असतो म्हणून बरं. तुम्हाला ठाऊक असतो. त्यांना कुठे होता? हे बघा —" मी पान काढलं, तोही वाकला, त्याच्या कोटाला बंदरावरच्या दोरखंडांचा वास येत होता — "हे लोक खाडीतून गलबतं काढतात ना, त्यांना वारा कसा लागेल तेही ठाऊक नव्हतं. तरी काढली. मला तीच पानं आवडली. शेवटची मी नुसती चाळली."

तो पानाकडे बघत राहिला. मग पान सोडून माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच सरळ. "मी हे पुस्तक तीनदा वाचलंय," तो म्हणाला. "असं मला एकदाही दिसलं नाही."

मी पुस्तक मिटलं. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला तो आवडत होता, उगाच आढेवेढे कशाला घेऊ.

पण आवडून काय होतं. अलिबागचं स्थळ चालून आलं. मुलगा कोर्टात कारकून, पुढेमागे पेन्शन, घरात माणसं मोजकी. येऊन मला बघून गेले. मुलगा वाईट नव्हता हो. त्याने विचारलं, "वाचता का?" मी हो म्हटलं. "चांगलं आहे," तो म्हणाला, "लग्नानंतर वेळ मिळत नाही म्हणा." त्यांची पसंती आली आणि बाबांनी रविवार ठरवला, सुपारी फोडायचा. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न झाल्यात जमा. दोन्हीकडची चार माणसं बसतात, सुपारी फोडून वाटतात, आणि त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याच्या दारात कुणी उभं राहत नाही. मला कुणी काही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

गुरुवारी हरेश्वर आला तेव्हा मी रहाटापाशी होते. बैल फिरत होता, पाणी पन्हळीत पडत होतं. त्याच्या हातात पुस्तक होतं, पण ते त्याने पुढे केलं नाही.

"अलिबागचं ऐकलं," तो म्हणाला. "खरं आहे?"

"रविवारी सुपारी आहे."

त्याने पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. मग तो म्हणाला, "मी जर... समजा, तुमच्या बाबांना, धर्माजीकाकांना विचारलं, तुमच्याविषयी... तर तुम्ही काय म्हणाल?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे मी आधी हो म्हणायचं, आणि मग तुम्ही विचारणार?"

"तसं नाही. पण काका नाही म्हणाले तर? मी बंदरावर तिकिटं फाडणारा. इथलं येणं तुटेल. हे गुरुवारही जातील. निदान तुमचं उत्तर माहीत असलं तर —"

"माझ्याकडे शेवटचं पान मागू नका," मी म्हटलं. "मी देणार नाही. विचारायचं असेल तर न कळता विचारा. नसेल विचारायचं तर रविवारी बंदरावर बसा, पुढे लग्नाला येणाऱ्या लांबच्या पाहुण्यांना तुमच्याच आगबोटीची तिकिटं लागतील."

एवढं बोलून मी घागर उचलली आणि घरात आले. चुलीपुढे बसून रडले. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, धूर झाला. त्या दिवशी पुस्तकही त्याच्याच हातात राहिलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी बायकांना वाचून दाखवलं नाही, घसा धरलाय म्हणाले. आवडाबाई सोलता-सोलता सारखी पाटाकडच्या वाटेवर बघत होती.

रविवारी सकाळी अलिबागहून टांगा आला. मुलाचे काका चांगदेवराव आणि बरोबर दोघं. ओटीवर जाजम घातलं, पानाचं तबक ठेवलं. मी आतल्या दाराशी, आई माझ्यामागे. सोलणाऱ्या बायका रविवारच्याही खळ्यात हजर, काम काही नसताना.

"आवडाबाई, एक चांगली सुपारी दे," बाबा म्हणाले. "घरच्या वाडीचीच हवी."

आवडाबाईने कनवटीची सुपारी काढून दिली. चांगदेवरावांनी ती पाट्यावर ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि वरवंट्याने घाव घातला. सुपारी फुटली नाही, चेपली. पुन्हा घाव. पुन्हा चेपली, आणि आत बघतात तर नुसता ओला गर.

"अगं, ही ओली आहे," बाबा म्हणाले.

"ओली व्हय?" आवडाबाई म्हणाली. "डोले गेले आता माजे, धर्माजी. दुसरी आनते." आणि उठली. जिचा जन्म सुपारी सोलण्यात गेला, जी अंधारात नुसत्या वजनावरून ओली-सुकी सांगायची, ती कमरेवर हात ठेवून ढिगाकडे निघाली, आणि एक उचलायची, कानाशी हलवायची, ठेवायची, दुसरी उचलायची. पाहुणे बघत होते. बाबा घामाघूम झाले होते. मीही ढिगाकडेच बघत होते, त्यामुळे वाटेवरून कोण येतंय ते मला काशीने हात हलवला तेव्हा दिसलं.

तो धावत आला होता. टोपी हातात, केस विस्कटलेले. हातात पुस्तक नव्हतं. पुस्तकाशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे काहीतरी विसरून आल्यासारखा दिसत होता. तो ओटीच्या पायरीशी थांबला. पाहुण्यांना नमस्कार केला, आणि बाबांना म्हणाला, "काका, मला कोकिळाला मागणी घालायची आहे."

बाबा पुतळ्यासारखे झाले. "काय बोलतोयस तू? कुणापुढे बोलतोयस?"

"कळतंय मला. उशीर झाला, तेही कळतंय. दोन दिवस येत होतो आणि पाटापर्यंत येऊन परत जात होतो." त्याने धाप आवरली. "तिचं काय म्हणणं आहे ते मला ठाऊक नाही. तिने सांगितलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर निघून जाईन, पुन्हा येणार नाही. पण विचारल्याशिवाय राहवेना."

बाबा उठले. आता हात उचलतात की काय असं मला वाटलं. पण चांगदेवरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. पान खाणारे शांत गृहस्थ होते ते. "धर्माजी," ते म्हणाले, "सुपारी अजून फुटलेली नाही. पोरीला विचारा. आमच्या घरी यायचं ते तिला यायचं आहे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. रोज मीच वाचून दाखवायचे, सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, त्याची मला सवय होती. पण या वेळी हातात पुस्तक नव्हतं. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, पायरीकडे बघत होता, आणि टोपी पिळत होता.

"बाबा," मी म्हटलं, "मला यांच्या घरी द्या."

खळ्यात काशी रडायला लागली. यावेळी तिला कुणी गप्प केलं नाही.

चांगदेवराव चहा घेऊन गेले, एवढा मोठेपणा होता त्यांच्यात. जाताना म्हणाले, "फुटल्यावर कळलं असतं तर दोन्ही घरांची पंचाईत होती." बाबा मात्र माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून राहिले, आणि हरेश्वर पायरीवर. उन्हं उतरली तेव्हा बाबांनी घसा खाकरला.

"घरी मोठं कोण आहे तुझ्या?"

"आई."

"तिला ठाऊक आहे?"

"नाही. आधी तुमचं कळल्याशिवाय..." तो बोलता-बोलता थांबला. "आज सांगतो."

"सांग. आणि घेऊन ये तिला, पुढच्या रविवारी. तोवर मला जरा राग धरू दे."

बाबा आत गेले. आईने मला डोळ्यांनी खूण केली, एवढं पाणी देऊन ये. मी तांब्या घेऊन पायरीशी गेले. त्याने पाणी घेतलं आणि यावेळी माझ्याकडे बघतच प्यायला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी आज आलोच नसतो, तर तुम्ही काय केलं असतं?"

मला ठाऊक होतं त्याला काय ऐकायचं होतं. मी नाही म्हणून उभी राहिले असते, वाट बघितली असती, असलं काहीतरी. बायकांसाठी वाचत असते तर मी तसंच वाचलं असतं. पण याला खोटं सांगवेना.

"गेले असते," मी म्हटलं. "दुसरी सुपारी फुटली असती. चार दिवस रडले असते आणि अलिबागला नांदले असते."

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. मग त्याने टोपी डोक्यावर घातली आणि निघाला. पाटाशी पोचला तिथून मागे वळला.

"काकांना सांगा, त्यांनी राग खुशाल धरावा," तो म्हणाला. "मी आईला उद्याच घेऊन येतो."